नववीत भूक संपते का?

किशोरवयीन मुलांच्या आहाराचा विषय निघाला की एक निदान ठरलेलं असतं: मुलांना जाणीव नाही. त्यांना वडापाव, वेफर्स, नूडल्स हवेत. तेव्हा जीवनसत्त्वं आणि खनिजं समजावून सांगा, भिंतीवर तक्ते लावा, व्याख्यानं ठेवा. तळकट आणि खारट खाणं वाढलं आहे हे मलाही मान्य आहे. पण मुलांची हाडं आणि रक्त अज्ञानामुळे कमजोर राहतात, हे मला मान्य नाही.

आठवीतल्या कुठल्याही मुलीला विचारा. अ जीवनसत्त्व नसेल तर रातांधळेपणा, क नसेल तर स्कर्व्ही, ड नसेल तर मुडदूस, आयोडीन नसेल तर गलगंड, लोह नसेल तर रक्तक्षय. ती घडाघडा म्हणून दाखवेल. आणि तीच मुलगी सकाळी सातच्या शाळेला चहा-बिस्किटावर आलेली असेल.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला, त्याच वयाच्या मुलग्यांत ३१ टक्के. वर्ग एक, पुस्तक एक, गुरुजीही एकच. मग अज्ञान फक्त मुलींच्या वाट्याला दुप्पट आलं का? पाळी सुरू झाल्यावर मुलीच्या अंगातून दर महिन्याला लोह जातं. म्हणूनच राष्ट्रीय पोषण संस्थेने १३ ते १५ वयाच्या मुलीला रोज ३० मिलिग्रॅम लोह सुचवलं आहे, मुलाला २२. गरज तिची जास्त, आणि कित्येक घरांत सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्यात उरेल ते तिचं.

दुसरा सल्ला गुळाच्या खड्याचा. दहा ग्रॅम गुळात अर्धा मिलिग्रॅमही लोह नसतं. पालकात थोडंफार असतं, पण त्यातलं शरीराला फारसं लागत नाही. त्यापेक्षा बाजरीची भाकरी बरी: शंभर ग्रॅम बाजरीत सहा मिलिग्रॅमच्या वर लोह असतं. सोबत लिंबाची फोड किंवा पेरू असला तर ते अधिक शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. घराघरात सांगण्यासारखं आहे ते एवढंच. पण भाकरी ताटात यायला ताट असावं लागतं.

आणि इथेच आपण गप्प बसतो. प्रधानमंत्री पोषण योजना, म्हणजे शाळेतली आपली खिचडी, बालवाटिकेपासून आठवीपर्यंत आहे. पाचवी ते दहावीच्या शाळेत मधल्या सुट्टीत आठवीची मुलं ताट घेऊन बसतात आणि नववीची मुलं बाजूने निघून जातात. शरीराची मागणी चढत असते, सोळाव्या वर्षी मुलीचं लोह ३२ मिलिग्रॅमवर जातं, आणि नेमक्या त्याच उंबरठ्यावर जेवण थांबतं. सरकार निळी गोळी देतं: ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड, आठवड्याला एक, सहावी ते बारावी. गोळी उत्तम आहे. मात्र ती जेवणानंतर घ्यायची असते. उपाशीपोटी घेतली की मळमळतं. नववीच्या मुलीला शाळेत गोळी मिळते, जेवण मिळत नाही. मग तिने ती दप्तरात टाकली, तर तिला बेजबाबदार कोणत्या तोंडाने म्हणायचं?

यावर उत्तर येतं की मुलं मोठी झाली, डबा आणतात. ज्यांच्या घरी पहाटे डबा होतो ती आणतात. आई पहाटेच मजुरीला गेलेली असते तिथे चौदा वर्षांची मुलगी स्वतःच धाकट्यांना जेवू घालून शाळेत येते. खर्चाचं कारणही टिकत नाही. तामिळनाडूने १९८४ मध्येच दुपारचं जेवण दहावीपर्यंत नेलं. ते राज्य त्या वेळी काही श्रीमंत नव्हतं.

तेव्हा माझी मागणी स्पष्ट आहे. शाळेतलं जेवण दहावीपर्यंत न्या, आठवड्यातून दोनदा त्यात बाजरी किंवा नाचणी असू द्या, आणि निळी गोळी त्याच जेवणानंतर, शिक्षकांच्या समोर द्या. तक्ते लावायचे तर नंतर लावू. तुमच्या गावच्या शाळेत नववी-दहावीचे वर्ग असतील, तर पुढच्या पालकसभेत हा ठराव मांडा आणि त्याची प्रत माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा.