नात म्हणजे दुभाषी नव्हे

मुलगा किंवा मुलगी मेलबर्न, सिडनीकडे स्थायिक झाली, की वर्ष-दोन वर्षांत आईवडिलांचेही तिकडे जाणे-येणे सुरू होते. काही जण नातवंडांसाठी तिथेच राहतात. सोबत काय न्यावे, कोणत्या गोळ्या किती महिन्यांच्या घ्याव्यात, विमानात जेवण कोणते सांगावे, याची यादी घराघरांत पाठ असते. मात्र परक्या मुलखात डॉक्टरांशी कोणत्या भाषेत बोलायचे, हा प्रश्न त्या यादीत नसतो. त्याचे उत्तर सर्वांनी गृहीत धरलेले असते : मुलगा आहे, सून आहे, नात आहे, ती सांगतील.

असा एक प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. सत्तरीतल्या आजींना मधुमेह आहे. मुलगा आणि सून कामावर आहेत, म्हणून चौदा वर्षांची नात शाळेतून परस्पर दवाखान्यात आली आहे. डॉक्टर विचारतात, रात्री जेवण किती वाजता घेता? आजी सांगतात, ‘‘माझा चौविहार असतो.’’ नातीने हा शब्द जन्मापासून ऐकला आहे, पण तो इंग्रजीत कसा सांगावा हे तिला कोणी शिकवलेले नाही. ती म्हणते, आजी लवकर जेवते. डॉक्टर लिहून घेतात आणि संध्याकाळच्या जेवणाबरोबर घ्यायची गोळी ठरवून देतात. आता मेलबर्नला डिसेंबरात सूर्य मावळतो सुमारे आठ वाजून चाळीस मिनिटांनी आणि जूनमध्ये पाच वाजून गेल्यावर थोड्याच वेळात. म्हणजे ‘लवकर’ या एका शब्दात वर्षाकाठी साडेतीन तासांचा फरक लपलेला आहे आणि सूर्यास्तानंतर आजी गोळीसाठी पाण्याचा घोटही घेणार नाहीत, हे तर डॉक्टरांच्या कानावरच गेलेले नाही.

पुढचा प्रश्न त्याहून कठीण. पर्युषणात आजी उपवास करतात. नात ‘फास्टिंग’ म्हणून मोकळी होते. परंतु उपवास या शब्दाचा अर्थ मराठी मुलखातही घराघरांत वेगळा आहे. शेजारच्या घरी उपवासाला साबुदाण्याची खिचडी आणि वरईचे तांदूळ असतात. आजींचा उपवास आदल्या दिवशीच्या सूर्यास्तापासून तिसऱ्या दिवशीच्या सूर्योदयानंतर पारणे होईपर्यंत, म्हणजे सुमारे छत्तीस तासांचा असतो. त्यात केवळ उकळलेले पाणी घेतात, तेही दिवसाउजेडी. उपवास चौविहार असेल, तर तेवढेही नाही. साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्या रुग्णाच्या बाबतीत हा फरक जिवाशी येऊ शकतो. नातीचा यात काहीच दोष नाही. तिच्यावर जे काम सोपवले गेले, ते तिचे नव्हतेच.

एका शब्दाने काय होते, याचे एक उदाहरण रुग्णालयीन दुभाष्यांच्या जगात फार प्रसिद्ध आहे. १९८० साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात अठरा वर्षांच्या एका तरुणाला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणले. कुटुंब क्यूबन होते. घरच्यांनी ‘इंटॉक्सिकादो’ हा स्पॅनिश शब्द वापरला. त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ, काहीतरी खाण्यापिण्यातून बाधा झाली. ऐकणाऱ्यांना तो त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या इंग्रजी शब्दासारखा वाटला आणि नशेचा अंमल समजून त्यावर उपचार झाले. प्रत्यक्षात त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. तो तरुण हातापायांनी कायमचा पंगू झाला आणि पुढे सुमारे ७ कोटी १० लाख डॉलरच्या भरपाईवर तडजोड झाली. दुभाषी बोलावला गेला नाही, कारण परस्परांचे बोलणे आपल्याला कळले आहे, असे दोन्ही बाजूंना वाटत होते.

ऑस्ट्रेलियाचा या बाबतीतला इतिहास विलक्षण आहे. याच देशाने १९०१ साली भाषेचा उपयोग कुलपासारखा केला होता. देशात येणाऱ्या नकोशा माणसाला कोणत्याही युरोपीय भाषेतला पन्नास शब्दांचा उतारा सांगायचा, तो लिहून घेता आला नाही की प्रवेश बंद. भाषा निवडण्याचा अधिकार अधिकाऱ्याचा. १९३४ मध्ये चेक पत्रकार एगॉन किश यांना अनेक युरोपीय भाषा येत असल्यामुळे त्यांची परीक्षा चक्क स्कॉटिश गेलिकमध्ये घेण्यात आली. ते नापास झाले. पुढे तिथल्या उच्च न्यायालयाने, ही भाषा त्या कायद्याच्या अर्थाने युरोपीय भाषा नव्हे, असा निर्णय दिला! ही परीक्षा १९५८ साली रद्द झाली. आणि त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९७३ मध्ये, त्याच सरकारने सिडनी व मेलबर्न येथे स्थलांतरितांसाठी तातडीची दूरध्वनी दुभाषी सेवा सुरू केली. आज ती ‘टिस नॅशनल’ या नावाने ओळखली जाते. तिचा क्रमांक १३१ ४५० असून ती दिवसरात्र चालू असते आणि दीडशेहून अधिक भाषांत दुभाषी पुरवते. २०२१ च्या जनगणनेत घरी इंग्रजीखेरीज अन्य भाषा बोलणारे ५५ लाखांहून अधिक लोक त्या देशात नोंदले गेले. त्यांपैकी साडेआठ लाखांच्या आसपास लोकांना इंग्रजी नीट येत नाही किंवा मुळीच येत नाही.

दुभाष्यांची परीक्षा घेऊन त्यांना प्रमाणित करणारी ‘नाटी’ ही संस्था १९७७ पासून काम करते. तिचे नाव आपल्या तरुण मंडळींना चांगले ठाऊक आहे, पण वेगळ्याच कारणाने. कायमस्वरूपी निवासाच्या अर्जात पाच गुण मिळावेत म्हणून शेकडो मुले तिची ‘सीसीएल’ ही परीक्षा मराठीतून, गुजरातीतून, हिंदीतून देतात. दोन संवाद, एकूण ९० गुण, उत्तीर्ण होण्यास ६३. गुण पदरात पडले की वह्या बंद. ही परीक्षा उत्तीर्ण झाल्याने कोणी दुभाषी होत नाही, हे खुद्द संस्थाच सांगते. तरीही ‘‘माझी नाटी झाली आहे, मीच सांगतो’’ म्हणून आईबरोबर तपासणीच्या खोलीत शिरणारे चिरंजीव कमी नसावेत.

मग प्रमाणित दुभाषी वेगळे काय करतो? तो जे बोलले गेले ते सर्व सांगतो. गाळत नाही आणि पदरचे घालत नाही. रुग्ण ‘‘माझ्या छातीत दुखते’’ म्हणाला, तर दुभाषीही ‘‘माझ्या छातीत दुखते’’ असेच म्हणतो, ‘‘यांच्या छातीत दुखते असे हे म्हणतात’’ असे नव्हे. ऐकलेले तो बाहेर कोणाला सांगत नाही. शब्द कळला नाही तर तो अंदाज करत नाही, थांबून विचारतो. सल्ला देत नाही आणि कोणाची बाजू घेत नाही. आपल्याकडे दुभाष्याची परंपरा जुनी आहे. १६७४ मध्ये इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडावर आला, तेव्हा बोलणी नारायण शेणवी या दुभाष्यामार्फत झाली होती. पण तो कंपनीचा माणूस होता. आजच्या दुभाष्याने कोणाचाच माणूस असू नये, ही अपेक्षा आहे.

आणि घरचा माणूस तर सर्वांत अधिक ‘कोणाचातरी’ असतो. डॉक्टर सांगतात, गाठ कर्करोगाची आहे. मुलगा आईला सांगतो, छोटीशी गाठ आहे, काढून टाकतील. हे प्रेमापोटीच घडते. परंतु शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही आईची असते आणि आपण कशाला संमती दिली, हे तिला ठाऊक नसते. आईलाही मुलासमोर सर्व सांगता येत नाही. लघवीवरचा ताबा जातो, रात्ररात्र झोप लागत नाही, जगणे नकोसे वाटते, हे नातवाच्या तोंडून डॉक्टरांना सांगायचे कसे? शेवटी ती म्हणते, ‘‘सांग, बरी आहे.’’ सून नवी असेल आणि तिच्या अंगावरच्या वळांची चौकशी होत असताना तिचे बोलणे इंग्रजीत सांगणारा तिचा नवराच असेल, तर त्या चौकशीला काही अर्थच उरत नाही. अशा वेळी दुभाष्याची मागणी तिने स्वतः करावी, अशी वाट पाहणेही चूक आहे. ती डॉक्टरांनी करावयाची असते.

सही आणि समज यांचे नाते आपल्या व्यवहारात नवे नाही. इंग्रजी न येणाऱ्या ग्राहकाची सही किंवा अंगठा कर्जाच्या कागदावर घेताना, मजकूर त्याला त्याच्या भाषेत समजावून दिला, असे निवेदन बँक घेते. ते पुष्कळदा मजकुराकडे न पाहता भरले जाते, हेही खरे, पण नियमामागचा विचार रास्त आहे. १९६२ साली महाराष्ट्रातील एका स्थानबद्धाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच विचार ठामपणे मांडला. त्या गृहस्थाला हिंदी येत होते, इंग्रजी नाही. स्थानबद्धतेची कारणे त्याला इंग्रजीत देण्यात आली. त्याने हिंदी मजकूर मागितला, तो नाकारण्यात आला. पोलिस अधिकाऱ्याने तोंडी समजावले होते, हा युक्तिवाद न्यायालयाने मान्य केला नाही आणि स्थानबद्धता रद्द ठरवली.

दुभाषी मिळाला म्हणजे सर्व सुरळीत होते, असेही नाही. उत्तम मराठी जाणणाऱ्या दुभाष्यालाही आयंबिल, एकासना, तिविहार हे शब्द परके असू शकतात. ते त्याला आधी समजावून देणे आपले काम आहे. भाषा कोणती मागायची, हाही विचार करावा. महाराष्ट्रातील जैन घरांत कोणी मारवाडी बोलते, कोणी कच्छी, कोणी गुजराती, तर कोल्हापूर-बेळगावकडे कन्नड. भारतीय आहेत म्हणजे हिंदी चालेल, असे दवाखान्यातील स्वागतकक्षाने ठरवू नये आणि घरच्यांनीही ठरवू नये. वयस्कर माणूस आपले दुखणे ज्या भाषेत सहज सांगतो, ती भाषा भेटीची वेळ ठरवतानाच नोंदवावी. स्त्री रुग्णाला स्त्री दुभाषी हवी असल्यास तेही तेव्हाच सांगावे. छोट्या भाषांचे दुभाषी प्रत्यक्ष मिळणे अवघड, दूरध्वनीवर मिळणे त्यामानाने सोपे.

खर्चाचे म्हणाल, तर सार्वजनिक रुग्णालयात सर्वसाधारणपणे दुभाष्याचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. खासगी डॉक्टरांनाही मेडिकेअरखाली येणाऱ्या सेवांसाठी ही सोय सरकारतर्फे विनामूल्य आहे. पर्यटक व्हिसावर गेलेल्या आईवडिलांना मेडिकेअर लागू नसते, म्हणून त्यांच्याबाबतीत वेळ घेतानाच विचारून घ्यावे. फोनजवळ एक चिठ्ठी ठेवावी. तिच्यावर आपल्या भाषेचे नाव इंग्रजीत, चालू औषधे, आणि ‘सूर्यास्तानंतर अन्न, पाणी, औषध घेत नाही’ हे एक वाक्य असावे. घरी कोणी नसताना संकट आले, तर ००० क्रमांकावर ‘ॲम्ब्युलन्स’ हा शब्द आणि भाषेचे नाव एवढे सांगून फोन हातात धरून ठेवावा. दुभाष्याला जोडून घेतले जाते.