धुराचे शुद्धीकरण आणि मोटारवाल्याचा खिसा

१ एप्रिल २०२० रोजी ‘भारत स्टेज ६’ ही नियमावली देशभर अमलात आली. पाचवा टप्पा गाळून चौथ्यावरून थेट सहाव्यावर जाण्याचा हा निर्णय सरकारने जानेवारी २०१६ मध्ये जाहीर केला होता; तो धाडसाचा होता आणि योग्यही होता, याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु त्या निर्णयाबरोबर डिझेल मोटारीच्या मालकाच्या पदरी आणखी एक टाकी पडली. ती पाण्यासारख्या दिसणाऱ्या एका द्रवाने भरावी लागते, ती रिकामी झाली तर मोटार चालू होत नाही आणि तिची यंत्रणा बिघडली तर दुरुस्तीचे बिल पाहून भल्याभल्यांचे डोळे पांढरे होतात. कारखानदार या द्रवास ‘डीईएफ’ म्हणतात, जर्मन मोटार उत्पादकांच्या संघटनेने त्यास ‘अ‍ॅडब्लू’ असे व्यापारी नाव दिले आहे आणि पेट्रोल पंपावरचा पोऱ्या त्याला सरळ युरिया म्हणतो. तिघांत खरे तोच बोलतो असे म्हणावयास हरकत नाही, कारण ३२.५ टक्के युरिया आणि उरलेले क्षाररहित पाणी यापलीकडे त्यात काही नसते.

हा द्रव डिझेलमध्ये मिसळावयाचा नसतो. इंजिनातून निघालेल्या तप्त धुरावर त्याचे तुषार सोडले जातात. उष्णतेने युरियाचा अमोनिया होतो आणि उत्प्रेरकाच्या जाळीवर तो अमोनिया धुरातील नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी संयोग पावून निरुपद्रवी नायट्रोजन आणि पाण्याची वाफ एवढेच मागे ठेवतो. हीच ऑक्साइडे फुफ्फुसांना जाचतात, दम्याच्या रुग्णांना हैराण करतात, उन्हात ओझोन निर्माण करतात आणि हवेत सूक्ष्म कणांची भर टाकतात. चौथ्या टप्प्यात डिझेल मोटारीस दर किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅम ऑक्साइडे सोडण्याची मुभा होती. सहाव्या टप्प्यात ती ८० मिलिग्रॅमवर आली. ज्या शहरात लाखो माणसे रस्त्यालगत राहतात, त्या शहराच्या दृष्टीने ही घट क्षुल्लक नव्हे. नियमच नको, असे म्हणणाऱ्या मंडळींच्या पंक्तीस आम्ही बसणार नाही.

मग तक्रार कशाची? प्रथम द्रवाच्या किमतीचा हिशेब करू, कारण सर्वांत अधिक गवगवा तिचाच होतो. मध्यम आकाराची मोटार वर्षाला १२,००० किलोमीटर चालते आणि लिटरला १५ किलोमीटर जाते असे धरले, तर तिला ८०० लिटर डिझेल लागेल. लिटरला ९० रुपये धरता ७२,००० रुपये झाले. युरियाचा द्रव मोटारीच्या आकारानुसार व चालविण्याच्या रीतीनुसार हजार किलोमीटरला साधारण एक ते दीड लिटर जातो. म्हणजे वर्षाकाठी १२ ते १८ लिटर. लिटरला ७० रुपये धरले तरी हजार-बाराशे रुपयांवर हा खर्च जात नाही. ज्याने पंधरा-वीस लाखांची मोटार घेतली, त्याने शेजाऱ्याच्या फुफ्फुसांसाठी वर्षाला एवढे द्यावयास कुरकुर करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खरा भार या हिशेबाबाहेरचा आहे. द्रवाची टाकी, तिच्यातील पंप, तुषार सोडणारी नळी, ऑक्साइडे मोजणारे संवेदक आणि शेवटी उत्प्रेरक ही सारी नाजूक आणि महाग साधने आहेत. त्यांतले एखादे बिघडले तर सुटे करून दुरुस्त करण्याची सोय बहुधा नसते. अख्खा भागच बदलावा लागतो आणि खर्च हजारांवर थांबत नाही, दहा हजारांच्या पटीत जातो. कंपनीची हमी साधारणतः तीन वर्षांची. मध्यमवर्गीय कुटुंब मोटार बाळगते ती दहा-बारा वर्षे. हमी संपल्यानंतरच्या सात-आठ वर्षांत हवा स्वच्छ ठेवण्याची सारी जबाबदारी एकट्या मालकावर येऊन पडते आणि ती पार पाडण्यासाठी त्याला काय खर्च येईल, हे खरेदीच्या वेळी त्याला कोणत्याही कागदावर लिहून मिळालेले नसते.

यात आणखी एक विसंगती आहे, तिच्याकडे शहरातील वाचकांचे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो. धूर सुमारे २०० अंशांपर्यंत तापल्याखेरीज ही यंत्रणा नीट काम करीत नाही. मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या मोटारीत ती उत्तम चालते. परंतु घरून कचेरीत आणि कचेरीतून घरी, तेही मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या रांगेतून, अशी जिची दिनचर्या आहे त्या मोटारीचा धूर पुरता तापतच नाही. मग ऑक्साइडे तशीच बाहेर पडतात आणि अर्धवट तापलेल्या नळीत युरियाचे पांढरे खडे साचून राहतात. जेथे शुद्धीकरणाची निकड सर्वांत अधिक, तेथेच ते सर्वांत दुबळे पडते. ज्याचे रोजचे जाणे-येणे पाच-सात किलोमीटरांचे आहे त्याने डिझेल मोटार घेऊच नये, हे विक्रेत्याने सांगावयास हवे. पण विकावयास बसलेला माणूस गिऱ्हाईक परत पाठवील, अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे होईल.

आपल्या हवामानाचाही विचार कोणी केलेला दिसत नाही. या द्रवाविषयीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार तो सतत २५ अंशांच्या आत ठेवला तर दीड वर्ष टिकतो, ३० अंशांपर्यंत वर्षभर आणि ३५ अंशांपर्यंत अवघे सहा महिने. त्यापलीकडे वापरण्यापूर्वी तपासून घ्यावा असे मानक सांगते. विदर्भात वैशाखात पारा ४५ अंशांना भिडतो. तेथे पंपाच्या आवारात उन्हात रचून ठेवलेले डबे, किंवा ‘असू द्यावा एक जवळ’ म्हणून मोटारीच्या डिकीत महिनोन्महिने पडून असलेला डबा, यांतील द्रवाची काय अवस्था होत असेल? युरोपात हा द्रव उणे ११ अंशांवर गोठतो म्हणून टाकीला ऊब देण्याची व्यवस्था असते. आपल्याकडे गोठण्याची भीती हिमालयापुरतीच; बाकी देशाला नासण्याची भीती.

भेसळ हा तर स्वतंत्र अध्याय व्हावा. एक लिटर द्रवात सुमारे ३५५ ग्रॅम युरिया असतो. शेतकऱ्यास ४५ किलोची गोणी सरकारी अनुदानामुळे सुमारे २६६ रुपयांना मिळते. त्या गोणीतून १२५ लिटरांहून अधिक द्रव तयार होऊ शकतो. म्हणजे लिटरमागे युरियाचा खर्च दोन रुपयांच्या आसपास! उद्योगासाठी लागणारा शुद्ध युरिया विनाअनुदान, म्हणून कितीतरी महाग. हा फरक पाहता अनुदानित युरिया चोरवाटेने या धंद्यात शिरला तर नवल नाही, आणि अशा चोऱ्या पकडल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत. खतावरील नियंत्रणाचा कायदा याला मज्जाव करतो. परंतु खरीप हंगामाच्या तोंडावर कृषी सेवा केंद्रासमोर गोणीसाठी रांगेत उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याला त्या कायद्याचे सांत्वन कितीसे पुरणार? त्याच्या वाटणीची गोणी मोटारीच्या धुरात जिरली, हे त्याला कळतही नाही.

आणि मोटारवाल्याचा तरी त्यात काय फायदा? खताच्या युरियात बायुरेट या द्रव्याचे प्रमाण दीड टक्क्यापर्यंत चालते, मोटारीच्या द्रवात ०.३ टक्क्यापलीकडे चालत नाही. शिवाय २०१५ पासून शेतीच्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा आहे. तो पिकाला हितकर असला तरी उत्प्रेरकाला नव्हे. पाण्यातील कॅल्शियमची मर्यादा किलोला अर्धा मिलिग्रॅम इतकी कडक आहे. बोअरच्या पाण्यात ते सहज शंभरपट असते. असा द्रव दहा-वीस रुपये वाचवून टाकीत ओतणाऱ्याची यंत्रणा काही महिन्यांत चोंदते. प्रामाणिक माणूस मात्र पूर्ण किंमत मोजूनही फसू शकतो, कारण डब्यातला द्रव खरा की खोटा हे डोळ्यांनी ओळखता येत नाही.

कारखानदारांच्या बाबतीत आम्ही थोडे कठोर बोलणार आहो. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगन कंपनीची लबाडी उघडकीस आणली. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करणारी आणि रस्त्यावर येताच ती स्वच्छता सैल सोडणारी आज्ञावली तिने जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख मोटारींत बसविली होती. त्याहून बोधप्रद प्रकरण पुढे आले ते ८ जुलै २०२१ रोजी. युरोपीय आयोगाने फोक्सवॅगन समूह आणि बीएमडब्ल्यू यांना मिळून ८७ कोटी ५० लाख युरोंचा दंड ठोठावला. अपराध काय, तर २००९ ते २०१४ या काळात डाइमलरसह या कंपन्यांनी आपसांत बैठका घेऊन द्रवाच्या टाक्या केवढ्या ठेवायच्या आणि एकदा भरल्यावर त्या किती किलोमीटर पुराव्यात यासंबंधी संगनमत केले. कायद्याने मागितले त्याहून अधिक स्वच्छता साधण्याचे तंत्र हाताशी असूनही त्यांत चढाओढ करावयाची नाही, असे ठरले. डाइमलरने हे बिंग फोडले म्हणून ती दंडातून सुटली. ज्या टाकीवरून आज मालक आणि गॅरेजवाला हुज्जत घालतात, त्या टाकीचे माप बंद खोलीत ठरविण्यापर्यंत नामांकित कंपन्यांची मजल गेली होती. तेव्हा ‘आम्ही काय करणार, सरकारचा नियमच तसा आहे’ हे विक्रेत्याचे पालुपद आम्ही मुकाट्याने ऐकून घेणार नाही.

सरकारने या अनुभवातून धडा घेतला नाही असे नव्हे. १ एप्रिल २०२३ पासून नव्या मोटारींची चाचणी प्रयोगशाळेबरोबर प्रत्यक्ष रस्त्यावरही घेतली जाऊ लागली. पण ही चाचणी मोटारीला परवाना मिळविताना. पुढची पंधरा वर्षे काय? दरवर्षी आपण जे पीयूसी प्रमाणपत्र घेतो, त्यात डिझेल मोटारीच्या धुराचा केवळ काळेपणा मोजला जातो. नायट्रोजनची ऑक्साइडे मोजलीच जात नाहीत! ज्या दोषासाठी एवढी यंत्रणा, एवढा खर्च, तोच तपासणीतून वगळलेला. याचा परिणाम काय व्हायचा तो होत आहे. मोटारीच्या संगणकाला ‘सर्व ठीक आहे’ असे खोटे सांगणारी डबी बाजारात मिळते. ती बसविली की द्रव नको, संवेदक नको, बिल नको. आणि पीयूसीचा कागद मात्र बिनदिक्कत हाती. शेजारी राहणारे दोन गृहस्थ, एक नियमाने टाकी भरणारा आणि दुसरा डबी बसवून मोकळा झालेला, कायद्याच्या लेखी दोघेही सारखेच. किंबहुना पहिल्याचीच मोटार एके दिवशी द्रव संपला म्हणून घाटाच्या पायथ्याशी अडून राहते.

द्रव संपल्यावर मोटार चालू होऊ नये, ही तरतूद निष्ठुर वाटली तरी ती आम्हाला मान्य आहे. पुरेसे आधी इशारे मिळत असतील तर सबब सांगण्याला जागा उरत नाही. आक्षेप आहे तो टाकी भरलेली असताना, केवळ संवेदक बिघडल्यामुळे तीच शिक्षा होण्याला. या दोहोंत नियमाने फरक करावयास हवा आणि यंत्राच्या दोषासाठी मालकाला वाजवी मुदत मिळावयास हवी.

हमीच्या बाबतीत तर दाखला तयार आहे. अमेरिकेच्या कायद्याने मोटारीतील उत्प्रेरक आणि धूरनियंत्रक संगणक यांची हमी ८ वर्षे किंवा ८०,००० मैल, म्हणजे सुमारे १ लाख २८ हजार किलोमीटर, कंपनीवर बंधनकारक केली आहे. आपल्या केंद्रीय परिवहन मंत्रालयाने असाच नियम करावा आणि त्यात द्रवाची टाकी, पंप व संवेदक यांचा नावानिशी समावेश करावा. त्यामुळे मोटारी महागतील, असे कंपन्या म्हणतील. महागू देत, आज जो खर्च सातव्या वर्षी अवचित अंगावर कोसळतो, तो निदान पहिल्या दिवशी किमतीच्या पाटीवर दिसेल आणि डिझेल घ्यावे की नाही हे गिऱ्हाइकाला उघड्या डोळ्यांनी ठरविता येईल. मारुती कंपनीने एप्रिल २०२० मध्ये डिझेल मोटारी बनविणेच थांबविले, ते असाच हिशेब मांडून.

पीयूसीचे नियम केंद्राचे आहेत आणि ऑक्साइडे मोजण्याची साधने केंद्रोकेंद्री बसविणे एका रात्रीत होणार नाही, हे आम्ही जाणतो. तोवर मोटारीच्या संगणकातील दोषांची नोंद वाचून पाहणे आणि डबी बसविलेली आढळल्यास विकणारा व बसविणारा या दोघांवरही खटला भरणे एवढे तरी सुरू करता येईल. राज्य सरकारला मात्र दिल्लीकडे बोट दाखविण्याचे कारण नाही. द्रवातील युरियाचे प्रमाण मिनिटभरात दाखविणारा रिफ्रॅक्टोमीटर हा हातात मावणारा साधा उपकरणी तुकडा आहे. भेसळीतले कॅल्शियम त्याला कळत नाही, त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच धाडावा लागेल. पण पाणी घातलेला माल तो जागच्या जागी पकडतो. पंपांवर आणि महामार्गालगतच्या दुकानांत असे नमुने घेणे, प्रत्येक डब्यावर उत्पादनाची तारीख ठळक छापलेली आहे की नाही हे पाहणे आणि उन्हात रचलेला माल सावलीत हलविण्यास भाग पाडणे, ही कामे येत्या उन्हाळ्यापूर्वी व्हावयास हवीत, आणि त्यांचा आरंभ नागपूर, चंद्रपूर, अकोला या जिल्ह्यांपासून व्हावा.