शेजारच्या टेबलावरचा फोन

ऑफिस सुटेपर्यंत डोकं ठणकायला लागतं, म्हणून तुम्ही बीपी तपासायला येता. अनेकदा ते ठीक निघतं. मग विचारपूस केली की कळतं, शेजारचा सहकारी दिवसभर फोनवर मोठ्याने बोलत असतो.

साधं बोलणं सुमारे 60 डेसिबलचं असतं. कानाला धोका 85च्या पुढे, तोही तासन्‌तास रोज ऐकलं तर. म्हणजे कान शाबूत राहतात, थकतो मेंदू. पंख्याची घरघर तो सोडून देतो. समजणारी भाषा त्याला सोडता येत नाही. त्यातून फोनवरचं अर्धंच संभाषण कानावर पडतं आणि उरलेलं तो नकळत जुळवत बसतो.

यावर हेडफोनचा आवाज वाढवणं मला पटत नाही. त्याने खरंच कान बिघडतील. रोजची गोळी तर नकोच, अति गोळ्यांनीही डोकं दुखतं.

त्यापेक्षा टोमणे न मारता, चारचौघांत नव्हे तर चहाच्या वेळी बाजूला घेऊन सांगा: "लांबलचक फोन बाहेर जाऊन घ्याल का? माझं कामात लक्ष लागत नाही." बऱ्याच जणांना आपला आवाज चढतो हे ठाऊकच नसतं. आणि सांगूनही चढतच असेल, तर त्यांना कान तपासायला सुचवा. कमी ऐकू येणारा माणूस नकळत मोठ्याने बोलतो.