जुनी जखम म्हणजे निरुपद्रवी नव्हे

पायावरची जखम दहा-पंधरा वर्षांची झाली की घरातली माणसे तिची काळजी करणे सोडून देतात. "त्यांचे ते नेहमीचेच आहे," असे म्हणत हळद, झाडपाला किंवा मलम लावून फडके गुंडाळले जाते. घात होतो तो इथेच.

वर्षानुवर्षे न भरणाऱ्या जखमेच्या कडेला त्वचेच्या पेशी सतत झिजतात व नव्याने तयार होत राहतात. हे फार काळ चालले तर काही रुग्णांत त्या पेशी बिघडून कर्करोग होतो. फ्रेंच शल्यचिकित्सक मार्जोलिन यांनी १८२८ मध्ये अशा व्रणांचे वर्णन केले, म्हणून त्याला 'मार्जोलिनचा व्रण' म्हणतात. आफ्रिकेतील उष्ण प्रदेशात गुडघ्याखाली चिघळणाऱ्या जुनाट व्रणांतून तो होतो. आपल्याकडे भाजल्याचे जुने वण, फुगलेल्या शिरांमुळे घोट्याजवळ झालेली जखम आणि कुष्ठरोगाने बधिर झालेल्या तळव्यावरची जखम, यांत तो आढळतो. भाजल्यानंतर वीस-तीस वर्षांनीही तो होऊ शकतो.

प्रत्येक जुनी जखम कर्करोगाची नसते, तेव्हा घाबरू नये. पण जखमेची कड जाड होऊन उचलली गेली, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे मांस वाढले, सहज रक्त येऊ लागले, दुर्गंधी वाढली किंवा जांघेत गाठ आली, तर थांबू नये. बधिर पायाला वेदना होत नाहीत, म्हणून दुखण्याची वाट पाहू नये.

जखमेच्या कडेचा लहानसा तुकडा काढून तपासला की निदान होते. 'तुकडा काढला की रोग पसरतो' या भीतीने पुष्कळजण तपासणी टाळतात. ही भीती निराधार आहे. पसरतो तो उशिरामुळे. वेळीच निदान झाले तर रोगट भाग काढून तिथे मांडीची कातडी बसवता येते व पाय वाचतो. रोग हाडापर्यंत गेला तर अनेकदा पाय कापावा लागतो.

माझे स्पष्ट मत आहे की, पट्टी बदलणाऱ्या प्रत्येक दवाखान्यात केसपेपरवर जखम किती दिवसांची आहे, ते लिहिले जावे. तीन महिन्यांत जी भरत नाही, तिचे नुसते मलम बदलत बसू नये. रुग्णाला सर्जनकडे पाठवावे.

आणि वाचकहो, घरात कुणाच्या पायाला जुने फडके बांधलेले असेल, तर ते आजच सोडा आणि जखम उजेडात नीट पाहा.