शेऱ्याचा रकाना

शाळा सोडल्याचा दाखला हा आपल्याकडील एक विलक्षण कागद आहे. विद्यार्थ्याचे संपूर्ण नाव, आईचे नाव, जन्मस्थान, जात, अंकी व अक्षरी जन्मतारीख, अभ्यासातील प्रगती, वर्तणूक आणि शाळा सोडण्याचे कारण इतका तपशील ज्यात खातरजमा करून भरला जातो, आणि ज्याच्या नकला पुढे निवृत्तिवेतनाच्या अर्जापर्यंत जोडल्या जातात, त्या कागदाचा अखेरचा रकाना ‘शेरा’ या नावाचा असतो व तो बहुधा कोराच राहतो. एखाद्या अंधुक दृष्टीच्या मुलीला ज्या शाळेने वर्षानुवर्षे पहिल्या बाकावर बसविले, ठळक अक्षरांतील प्रश्नपत्रिका दिली, परीक्षेस लेखनिक मिळवून दिला आणि तासामागे वीस मिनिटे अधिक मोजून दिली, ती शाळा तिला निरोप देताना यांतल्या एकाही गोष्टीविषयी अवाक्षर लिहीत नाही. वर्तणूक ‘चांगली’ एवढे मात्र लिहिते.

पिंपरीच्या संत तुकारामनगरात ही कोरी जागा पावलांनी मोजता येते. एका अंगास महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, ज्याला सारे शहर ‘वायसीएम’ म्हणते आणि जेथे दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी माणसे रांगेत उभी असतात. दुसऱ्या अंगास २००३ साली अभिमत दर्जा मिळालेले डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठ, जेथे वैद्यकापासून भौतिकोपचारापर्यंतच्या विद्या शिकविल्या जातात. आणि जवळच ६ मार्च २०२२ रोजी सुरू झालेले मेट्रोचे स्थानक, ज्याच्या लिफ्टमधून चाकाची खुर्ची थेट फलाटापर्यंत जाते. तपासणी, विद्या आणि वाहन ही तिन्ही इतकी शेजारी नांदत असताना त्यांचा एकमेकांशी पत्रव्यवहार मात्र नाही. रुग्णालयातून मिळणाऱ्या कागदावर शेकडेवारी असते, आणि वर्गात जे उपयोगी पडते ते शेकडेवारीत मावत नाही. त्या मुलीला फळा मुळीच दिसत नाही, की दिसतो पण खिडकीचा उजेड समोरून आला की दिसेनासा होतो, हे प्राध्यापकास कळले पाहिजे. ‘पंचेचाळीस टक्के’ या शब्दांतून ते कळण्याचा संभव नाही.

कायद्याने आपली बाजू पुष्कळशी सांभाळली आहे. १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेल्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले, शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखून ठेवल्या, वयोमर्यादेत पाच वर्षांची सवलत दिली आणि प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याच्या शिक्षणपूर्तीवर देखरेख ठेवण्याचा जिम्माही संस्थांवर टाकला. असे असूनही २०२०-२१ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशभरच्या सुमारे ४ कोटी १४ लाख विद्यार्थ्यांमध्ये दिव्यांग विद्यार्थी ७९,०३५ भरले, म्हणजे हजारी दोनसुद्धा नव्हेत. २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग माणसे मोजली गेली होती, हे ध्यानी घेता उरलेले तरुण कोठे थांबले, असा प्रश्न पडतो. दारिद्र्य, अंतर, वसतिगृहांची वाण ही कारणे आहेतच. परंतु प्रवेश मिळूनही पहिल्या सहामाहीत जे मुकाट्याने घरी परततात, त्यांच्याविषयी आपण फार थोडे बोलतो.

न्यायालयांनीही शेकडेवारीच्या अंमलाला अलीकडे वेसण घातली आहे. लेखनिकाचा हक्क दिव्यांगत्वाच्या ४० टक्क्यांच्या मर्यादेशी जखडून ठेवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितले. आणि १५ ऑक्टोबर २०२४ रोजी, वाचा व भाषेच्या दिव्यांगत्वाचे प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक भरल्यामुळे एमबीबीएसच्या प्रवेशास अपात्र ठरविलेल्या महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात, नुसत्या आकड्यावरून कोणास बाद करता येत नाही, त्याला तो अभ्यासक्रम झेपेल की नाही हे दिव्यांगत्व ठरविणाऱ्या मंडळाने तपासून सकारण नोंदविले पाहिजे, असा निर्णय दिला. निर्णय मोलाचे आहेत. पण बाकाची जागा बदलून मिळावी यासाठी कोणी दिल्लीपर्यंत जात नसतो.

ज्यांना ही पोकळी प्रथम दिसली त्यांत मीरा बडवे यांचे नाव घेतले पाहिजे. पुण्यात अंधांसाठी शाळा १९३४ पासून आहे. परंतु शालेय शिक्षण संपताच शाळेसोबत निवाराही सुटलेल्या तरुणांनी पुढे जावे कोठे, या प्रश्नातून त्यांनी १९९६ साली ‘निवांत अंध मुक्त विकासालय’ उभे केले, आणि महाविद्यालयीन पुस्तके ब्रेलमध्ये उतरविण्याचे किचकट काम अंगावर घेतले. या कार्याविषयी आदर बाळगूनही असे म्हणावेसे वाटते की, शाळा आणि महाविद्यालय यांच्यामधला पूल एखाद्या घरातून, कुणाच्या ममतेवर उभा राहावा लागला, यात आपल्या विद्यापीठांचा गौरव नाही.

पिंपरीसारख्या उद्योगनगरीत ही गोष्ट अधिकच खटकते, कारण येथे सुपूर्द करण्याची रीत माहीत नसलेला माणूस मिळणे कठीण. भोसरीत किंवा चाकणला पाळी बदलते तेव्हा जाणारा कामगार येणाऱ्याला यंत्राची तब्येत सांगूनच हात पुसतो: कोठे आवाज येतो, कोणते माप सरकते आहे, कोणता सुटा भाग सकाळी बदलला. सरकारी कचेरीतला कारकूनसुद्धा बदली झाली की यादी करून चार्ज देतो. विद्यार्थ्यांचे श्रेयांकही आता अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यातून एका संस्थेतून दुसरीत निमूटपणे जातात. फक्त बारा वर्षांत शिक्षकांनी चुकतमाकत कमावलेले ज्ञान, या मुलाला शिकवायचे कसे, हे निकालाच्या दिवशी नष्ट होते, आणि नव्या संस्थेत तो पुन्हा साक्षांकित प्रती घेऊन खिडकीपाशी उभा राहतो.

तर मग तो शेऱ्याचा रकानाच भरावा काय? प्रथमदर्शनी तसे वाटते. मलाही वाटले होते. परंतु दाखला हा जन्मभर ज्याला त्याला दाखवायचा कागद आहे, आणि अध्ययन अक्षमतेसारखी न दिसणारी अडचण त्यावर छापली गेली तर ती साह्यापेक्षा कलंक म्हणूनच अधिक वाचली जाईल. मुलाची अडचण पालक लपवितात ते अज्ञानाने नव्हे, लोकांना पुरते ओळखून. म्हणून हा कागद निराळा असावा, विद्यार्थ्याच्या संमतीने व त्याला शेजारी बसवून वर्गशिक्षकाने लिहिलेला असावा आणि तो विद्यार्थ्याच्याच ताब्यात राहावा. प्रवेश निश्चित झाल्यावर त्याने तो महाविद्यालयाच्या समान संधी केंद्राकडे द्यावा, किंवा देऊ नये. पण दिल्यास पहिला तास भरण्यापूर्वी शिकविणाऱ्यांपर्यंत तो पोहोचविण्याचे बंधन केंद्रावर असावे. दिव्यांग कल्याणासाठी २०२२ साली स्वतंत्र विभाग स्थापन करणाऱ्या राज्याला एका परिपत्रकात होण्याजोगी ही तजवीज आहे. तीस निधी लागत नाही, आणि कदाचित म्हणूनच ती कोणाला सुचत नसावी.

त्या मुलीच्या कागदावर फार लिहावे लागणार नाही. पहिल्या बाकावर, खिडकीकडे पाठ करून बसते. फळ्यावरचे मोठ्याने वाचून दाखविल्यास टिपण स्वतः घेते. आकृती बोटाने गिरवून दिली की समजते. लेखनिकाशी परीक्षेआधी एकदा भेट हवी. जिना उतरताना शेवटची पायरी चुकते, तेथे पिवळी पट्टी असावी. हे सारे आज तिच्या आईला तोंडपाठ आहे, आणि महाविद्यालयाच्या पहिल्या दिवशी आईला फाटकाच्या आत सोडत नाहीत.