ढोलाभोवतीची माणसे

आफ्रिकी नाचगाण्याच्या रात्री म्हटल्या की आपल्याकडील वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठी पडते. कुठला तरी अंधारा हॉल, छाती हादरवणारा ढोल, आणि अकरा वाजले तरी घरी न परतलेले चिरंजीव! आठी पडणे स्वाभाविकच आहे. परंतु ती पडण्यापूर्वी एका शब्दाचा अर्थ ऐकून घ्यावा, अशी वाचकांना माझी विनंती आहे.

पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेत ‘न्गोमा’ म्हणजे ढोल. न्गोमा म्हणजे नाचही. आणि ढोल वाजवून नाचण्यासाठी माणसे जमतात तो सोहळा, तोही न्गोमाच. वाद्य, नाच आणि मेळा या तिघांत एकच शब्द!

हा शब्द आपल्या शेजारीच येऊन राहिलेला आहे. गुजरातेत भडोच जिल्ह्यात रतनपूरला बावा गोर यांचा दर्गा आहे. तेथील सिद्दी लोकांचे पूर्वज कोणी गुलाम, कोणी शिपाई, कोणी खलाशी होऊन आफ्रिकेतून समुद्र ओलांडून आले. उरुसात हे लोक जो नाच करतात त्याला ते ‘गोमा’ किंवा ‘धमाल’ म्हणतात. मुगरमान नावाचा उभा ढोल, मलुंगा नावाचे धनुष्यासारखे वाद्य, आणि नाचता नाचता उंच उडवलेला नारळ थेट डोक्यावर फोडावयाचा! शतकांच्या ओघात या लोकांची मूळ भाषा गेली. आज ते गुजराती बोलतात. ढोल मात्र राहिला. मला वाटते, याचे कारण असे की त्या रिंगणात नुसते बघत बसण्याची सोय नाही. जो आला तो टाळी धरतो, आणि टाळी धरली की तो आपल्यातला होतो.

आधुनिक काळातला दाखला नायजेरियात सापडतो. लेगॉसच्या फेला कुटीने १९७०च्या दशकात आपल्या नाचघराला ‘श्राइन’ म्हणजे देऊळ असे नाव दिले. गाण्यागाण्यांच्या मध्ये तो सरकारवर कोरडे ओढी, आणि श्रोते त्याला तिथल्या तिथे उत्तरे देत. १९९७ साली फेला गेला. परंतु मेळा मोडला नाही. त्याच्या मुलांनी २००० साली इकेजा येथे नवे श्राइन उभे केले, आणि ऑक्टोबरात त्याच्या जन्मदिनाच्या सुमारास तेथे दरवर्षी उत्सव भरतो. इकेजा हे लेगॉसचे कारखान्यांचे उपनगर आहे. म्हणजे आमच्या पिंपरी-चिंचवडचेच भावंड म्हणा ना!

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, मागून मोटारींचे कारखाने आले, पुढे चाकणही भरले. माणसे विदर्भ-मराठवाड्यातून आली, बिहारातून आली, केरळातून आली. सेकंड शिफ्टवाल्याला शेजाऱ्याचे तोंड आठवडाभर दिसत नाही. शेजारी पुण्यात आफ्रिकेतून शिकायला आलेली मुले आहेत. त्यांचे एकटेपण तर आणखी गडद. फर्ग्युसनच्या वसतिगृहात मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने पडला होता आणि एक मुलगी त्याला खिडकीतून जेवण देत होती. रेक्टर शां. ब. मुजुमदार यांनी ते पाहिले, आणि त्यातून १९७१ साली सिंबायोसिस उभी राहिली, हे पुष्कळांना ठाऊक असेल. परक्या गावात माणसाला कोणीतरी जवळचे लागते, एवढाच त्या कथेचा अर्थ.

हल्ली या मुलांचे संगीत त्यांच्याआधीच आपल्या घरात शिरले आहे. नायजेरियाचा रेमा २०२३ साली मुंबईत गाऊन गेला. दक्षिण आफ्रिकेतील कामगार वस्त्यांतून निघालेला ‘अमापियानो’ आमच्या तरुणांच्या कानांत वाजतो आहे. तेव्हा कोणी या पट्ट्यात अशा रात्री भरवू म्हणेल, तर त्याने आपल्या ढोलताशा पथकांकडे पाहावे. पथक काही विसर्जनाच्या दिवशी जमत नाही. ते जमते आधीच्या दोन महिन्यांच्या सरावात. तसाच येथेही वार ठरलेला असावा, मग माणसे दहा येवोत की शंभर. पहिला अर्धा तास नवख्याला पावले शिकवण्यात जावा. शिकवणारी ती परदेशी मुलेच असावीत, म्हणजे भाड्याची खोली शोधताना जो परका ठरतो तो तेवढा वेळ गुरुजी होईल. एकटी आलेली मुलगी निर्धास्तपणे घरी पोहोचते की नाही, हे पाहणारी माणसे नेमलेली असावीत. आणि २००० सालच्या नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक चालत नाही, तेव्हा बंद सभागृह बघावे आणि शेजाऱ्यांना तक्रारीआधी आमंत्रण द्यावे. तिकिटे खपवून गर्दी जमेलही. परंतु पुढच्या खेपेला कोण आले नाही याची चौकशी होऊ लागली, की तेथे समाज झाला असे समजावे.

या दिवाळीत शेजारच्या इमारतीत असा कोणी दूरदेशीचा विद्यार्थी असेल, तर त्याला फराळाला जरूर बोलवा. पुढे त्याच्याकडून नाचाचे बोलावणे आले, तर आठी न घालता जा. नारळ मात्र नेहमीप्रमाणे दगडावरच फोडावा!