बारीक मनगटाचे घड्याळ

गेल्या वर्षी आमच्या सौ.ना डॉक्टरांनी रोज चालण्यास सांगितले, तेव्हा चिरंजीवांनी नागपूरहून पावले व नाडी मोजणारे घड्याळ पाठविले. पांढुर्ण्यात पहाटे फिरून आल्या आणि घड्याळाने नाडी १५२ दाखविली. घरात एकच घबराट! मी मनगटावर बोटे ठेवून मिनिटभर मोजली. ती ८८ भरली. घड्याळ सैल होते, एवढेच.

या यंत्राच्या पाठीतून हिरवा प्रकाश त्वचेवर पडतो. रक्त तो शोषते, आणि ठोक्यागणिक परतणाऱ्या प्रकाशात जो फरक पडतो त्यावरून नाडी ठरते. फट राहिली की बाहेरचा उजेड आत शिरतो. यंत्र हिंदकळले तर कधी पावलांचा ठेकाच नाडी म्हणून मोजला जातो.

तेव्हा वाचकहो, घड्याळ घेण्यापूर्वी दोऱ्याने मनगटाचा घेर मोजावा. पट्टा त्याहून लहान होतो ना, आणि तबकडी मनगटाच्या रुंदीबाहेर जात नाही ना, हे पाहावे. सौंसरच्या दुकानदाराने 'बायकांचे' म्हणून गुलाबी घड्याळ पुढे केले, घेर तोच! शेवटी अरुंद पट्टीचे मिळाले.

राहिला प्रश्न बांगड्यांचा. त्या काढणे सौ.ना मान्य नाही. म्हणून पट्टी बांगड्यांच्या वर, कोपराच्या बाजूस बांधतात; तेथे ती घट्टही बसते. आकडा फारच वाढलेला दिसला, तर आधी स्वस्थ बसून बोटांनी मोजतो. तोही तितकाच भरला, तर डॉक्टरांकडे.